स्कूटर पुसायचा हात

दोरीवर वाळत घातलेली मऊ पांढरी फडकी ओढून मी स्कूटर लख्ख पुसली, तेव्हा ती कुणाची आहेत असा प्रश्न मला पडला नाही. ती माझ्या नातवंडाची होती. नातवंड अजून जन्माला यायचं होतं.

आमच्याकडे बाळाला सुरुवातीला नवं कापड लावत नाहीत. वापरून वापरून मऊ झालेलंच हवं. लेक पहिल्या बाळंतपणाला ग्वाल्हेरला माहेरी आलेली, आणि बायकोने माझ्या वडिलांची जुनी धोतरं फाडून, उकळून, उन्हात घालून बाळोती तयार केली होती. त्यांतल्या निम्म्यांवर मी ग्रीस लावलं.

बायकोने बघितलं. पिशवी उचलली, चपला घातल्या आणि शिंदे की छावनीत माझ्या बहिणीकडे निघाली. बहिणीच्या ट्रंकेत आमच्या आईच्या जुन्या सुती साड्या होत्या. दारातून वळून म्हणाली, "लेकीजवळ बसा. नुसते बसा. काही करू नका."

मी बसलो. थोड्या वेळाने लेक कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"बाबा, मला वाटतं शुरू हो गया."

"काय?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती थेट तिच्या आईची होती.

तारीख लांब होती, जावई बेंगलोरला. बायकोला फोन लावला तर ती बाड्याच्या चौकात जाममध्ये अडकलेली. तिथूनच म्हणाली की थेट दवाखान्यात येते, पण तोवर पोरीला एकटी सोडू नका. कारण लेक महिनाभर एकच म्हणत होती: दुखलेलं सोसेन, पण माझं कुणीतरी जवळ पाहिजे. आता तिचं ते कुणीतरी म्हणजे मी. शुगर तपासताना सुई टोचली तरी मी डोळे मिटतो.

गोरखीजवळच्या दवाखान्यात सिस्टरने सांगितलं, सोबत एकच जण. मग माझ्यामागे डोकावून विचारलं, "साथ में कोई लेडीज नहीं?"

मी म्हटलं, येत आहेत, सध्या मीच आहे. तिने एक स्टूल सरकवलं. "अंकलजी, चक्कर आए तो पहले बैठ जाना, फिर आने देना."

मला येतं तेवढं मी केलं, म्हणजे गोष्ट सुरू केली. झाशीला माझी गाडी सुटली ती. दोन कळांच्या मध्ये लेक म्हणाली, "बाबा, झाशी नको. कंबर चोळा."

मी दोन बोटांनी, काच पुसावी तसा हात फिरवला.

"असं नाही. सकाळी स्कूटर पुसत होतात ना, तसं. दाबून, गोल गोल."

"तू बघत होतीस?"

"खिडकीतून."

"मग थांबवलं का नाहीस?"

"हसू आवरेना," ती म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली. तेवढ्यात कळ आली आणि तिने पलंगाची दांडी घट्ट धरली.

मग मी लागलो कामाला. मनात मडगार्ड, हेडलाइट, सीटखालचा तो हट्टी डाग. अजून दाबू का, असं दर वेळी विचारायचो. शेवटी ती म्हणाली, "बोलू नका. पुसा."

बायको आली तेव्हा घामाघूम होती, काखेत साड्यांचं गाठोडं. मी सुटल्यासारखा उठलो. लेकीने मान न वळवता माझं मनगट पकडलं.

"आई, तू जरा बाहेर थांब ना. बाबांचा हात बसलाय."

बायको दारातच थबकली. तिने गाठोड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खरंच बाहेर जाऊन बसली. आमच्या घरात असं कधी घडलेलं नाही.

अगदी शेवटी, आतल्या खोलीत न्यायची वेळ आली तेव्हा मात्र अदलाबदल झाली. बायको तिच्याबरोबर आत गेली, मी बाहेर बाकावर. उजव्या हाताची मूठ उघडत नव्हती.

नात झाली. माझ्या आईच्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून मला दाखवली, आणि मी स्टूल नसतानाही उभा राहिलो.

लेकीला झोप लागल्यावर बायको बाहेर येऊन शेजारी बसली. आता बाळोत्यांचा विषय निघणार म्हणून मी खाली बघत होतो. तिने माझा आखडलेला हात मांडीवर घेतला, बोटं एकेक करून उघडली.

"स्कूटर झाली, लेक झाली," ती म्हणाली. "हात बरा झाला की आता माझी कंबर घ्या. कधीची धूळ खातेय."