पूजेचा जनरेटर

एटापल्लीच्या पुढे, जंगलातल्या एका दवाखान्यात मी नर्स आहे. दर दसऱ्याला आम्ही जनरेटरला हळदकुंकू लावतो, हार घालतो. मी म्हणायची, "एकदा चालू करून तरी पाहा." शिपाईभाऊ म्हणायचे, "पूजेच्या दिवशी मशीन चालवत नाई, बाई." इतर दिवशी म्हणायचे, "लाइन हाय ना, मंग काऊन?"

पावसाळ्यात लाइन गेली ती कित्येक दिवस आलीच नाही, आणि जनरेटर काही केल्या सुरू होईना. फ्रिजमधल्या साऱ्या लसी वाया गेल्या. लेकरं कडेवर घेऊन चालत आलेल्या बायांना मी दारातूनच परत पाठवलं.

यंदा दसऱ्याला शिपाईभाऊंनी हार दुप्पट मोठा आणला. माझं डोकंच फिरलं.

"नारळ तुम्ही फोडा, बाई."

"आधी चालू करा."

नारळ अजून माझ्या टेबलावर आहे.