खेमाच्या पिस्तुलाची पारख

कनेरगाव नाक्याजवळच्या बंजारा तांड्यावर प्रेमसिंग राहायचा. त्याच्या घरात आजोबा खेमाचं एक जुनं पिस्तूल होतं. हिंगोलीच्या छावणीला बैलांवरून धान्य पोचवताना खेमाला वाटेत पटकीनं पडलेला एक घोडेस्वार सापडला होता. सोबत्यांनी त्याला तिथंच टाकलं होतं. खेमा शेवटपर्यंत त्याच्यापाशी बसला, त्याला पाणी पाजलं. मरताना स्वारानं कमरेचं पिस्तूल त्याच्या हाती दिलं.

तांड्यात ही गोष्ट लेकराबाळांना पाठ होती. गावात कुणी मानत नसे. "नकली असंल, न्हाईतर चोरीचं," असं लोक तोंडावर म्हणत.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात प्रेमसिंगनं ते फडक्यात गुंडाळलं आणि हिंगोली गाठली. तिथं बाकरसाहेब राहत. जुन्या हत्यारांचे मोठे शौकीन. त्यांनी भिंग काढलं, पिस्तूल उन्हात धरलं.

"कंपनी सरकारच्या वेळचं आहे. हा कंपनीचा सिंह बघ. नळीवरचा आकडा आणि घोड्याखालच्या पट्टीवरचा आकडा बराबर एकच. पलटणीची छाप पण आहे." मग त्यांनी मूठ चाचपली. "ही मात्र बदललेली."

"आज्याच्या हातून फुटली व्हती. सुतारानं बाभळीची बसवली."

"मग शौकिनाच्या लेखी किंमत निम्मी झाली. आणि हे घासतं कोण?"

"दिवाळीला आमची घरवाली, जिवनबाई. विटकरीनं."

बाकरसाहेबांनी कपाळाला हात लावला. "अरे, गंज चढू दे, पण छाप पुसू नको! सिंह निम्मा गेलाय." मग ते म्हणाले, "तरी असली आहे. देतोस मला?"

"न्हाई साहेब. असली हाय, एवढंच ऐकायचं व्हतं."

पुढच्या वर्षी हिंदुस्थानच्या फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं. दवंडी पिटली: ज्याच्याकडं हत्यार असेल त्यानं चावडीवर जमा करावं. प्रेमसिंग तडक हिंगोलीला पळाला. बाकरसाहेबांनी दार बोटभर उघडलं.

"साहेब, पिस्तूल आज्याचं, जुनं हाय, एवढा एक शब्द सांगा त्यांना. तुमच्याबिगर कोण सांगणार?"

"माझ्यासारख्या मुसलमानाचं आता कोण ऐकतं, प्रेमसिंग? माझी सगळी हत्यारं गेली. दार उघडायलाही जीव धजत नाही." त्यांनी दार हळूच लोटून घेतलं.

चावडीपुढं तलवारी, भाले, शिकारीच्या बंदुका यांचा ढीग पडला होता. प्रेमसिंगनं शिपायापुढं पिस्तूल धरलं. "साहेब, हे चालत न्हाई. जुनं हाय. आकडा जुळतो, पलटणीची छाप हाय..."

"तांडेवाले के पास पलटन की पिस्तौल? कहाँ से उड़ाई?"

मागं उभे असलेले गावकरी हसले. प्रेमसिंग आजोबाची गोष्ट सांगायला लागला, पण हिंदी शब्द सापडेनात. खेमा, पटकी, पाणी, एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. शिपायानं पिस्तूल ओढून ढिगावर फेकलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

अंगणात गावच्या लोहाराला नळ्या चेपायला बसवलं होतं. प्रेमसिंग गेला नाही, उभाच राहिला. त्या पिस्तुलाची पाळी आली तेव्हा लोहारानं त्याच्याकडं पाहिलं. शिपाई खेकसला. लोहारानं मान खाली घातली आणि घण घातला.

घरी जिवनबाई दारातच होती. "दिलं?"

"व्हय."

"आज्याचं सांगितलं न्हाई का त्यांना?"

"सांगितलं."

"मग?"

"मग काई न्हाई," प्रेमसिंग म्हणाला आणि पागोटं सोडून भिंतीला टेकून बसला.