तापाची जोडी

मुरबाडहून धसईला जाणाऱ्या रस्त्यावर अडतीस साली खडी पडत होती. नथू तिथे दगड फोडायचा, त्याची बायको गुणाबाई पाट्या वाहायची. नथूला तीन वर्षं एक दिवसाआड थंडीताप येई. पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून पोट पुढे आलेलं. कोयनेलच्या, म्हणजे क्विनाईनच्या, गोळ्या घेतल्या की थोडे दिवस उतार पडे, मग पुन्हा ये माझ्या मागल्या.

मुकादम लडकू म्हणजे जमदग्नीचा अवतार. "सारखा खाडा! सोमवारपासून नथूचं नाव काढतो," त्याने सांगून टाकलं.  पण गुणाबाई रडत बसणारी बाई नव्हे. टोळीतल्या धोंडीलाही असाच ताप येई, मात्र नथू बरा असे त्या दिवशी. हे तिला ठाऊक होतं, कारण दोघांनाही पेज तीच पाजायची.

ती थेट मुकादमापुढे उभी राहिली. "मुकादम, तुमाला माणूस पायजे का खडी?"

"खडी."

"मंग या दोगांचा एकच ढीग धरा. आज ह्यो फोडंल, उद्या त्यो. ढीग रोज वाढंल."

लडकू हसला. "शनवारी मोजतो. कमी भरला तर दोगं घरी."

चार दिवस बरे गेले. पण तापाला कुठलं आलंय पंचांग? शुक्रवारी धोंडीच्या तापाच्या पाळीला नथूलाही ताप भरला आणि दोघे एकाच पळसाखाली कुडकुडत पडले. ढीग हातभर कमी. गुणाबाईने पाटी उपडी ठेवली आणि हातोडा उचलला. दगड पुरुषांनीच फोडायचा, असा त्या टोळीचा रिवाज. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हसा म्हणावं! दिवस मावळेपर्यंत तिच्या तळहातांची सालं निघाली, पण ढीग भरला.

शनिवारी लडकूने माप लावलं. ढीग पुरा होता. वरची खडी त्याने हातात घेऊन पाहिली, मग गुणाबाईच्या चिंध्या बांधलेल्या हातांकडे पाहिलं. नथूचं आणि धोंडीचं नाव राहिलं. गुणाबाईने पुन्हा आपली पाटी उचलली.

सगळे पांगले तरी लडकू घुटमळत राहिला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "दोन वरसं कोनाला बोललो नाय, गुणाबाय. मलाबी त्योच ताप हाय, पाळी परवाची. माजी जोडी कोनासंगं लावशील गो?"