मिस व्हर्डेलची खुर्ची

खरं सांगा, मत द्यायला तुम्ही किती वेळ उभे राहाल? नोव्हेंबरची थंडी आहे, दिवसभर राबून पायांचे तुकडे पडलेत, घरी पोरं भुकेली आहेत आणि रांग हलायचं नाव घेत नाही. अर्धा तास थांबाल? पाऊण? मग घड्याळ बघाल, मान हलवाल आणि घरी जाऊन सोफ्यावर बसून शहराला शिव्या घालाल. मला शिकवू नका. अशा लोकांच्या दारात पत्रकं घेऊन मी अर्धं आयुष्य काढलंय. माझ्या तोंडावर दार लावतात आणि आतून ओरडतात, "सगळे चोर आहेत!"

म्हणून तुम्हाला व्हर्डेल मॅकनीलीची गोष्ट सांगतो.

अख्खं लॉक्सबरी शहर तिला मिस व्हर्डेल म्हणतं. मी इथे तिचा एकेरी उल्लेख करतोय, कारण लिहिताना ती समोर बसलेली नाही. समोर असती तर माझी टाप नव्हती. मला तिनेच पोहायला शिकवलं. नुसतं मलाच नाही, स्लॅग हिलच्या टेकडीवर जन्मलेल्या प्रत्येकाला तिनेच पाण्यात ढकललंय. उन्हाळाभर ती टेकडीवरच्या सार्वजनिक तलावावर राखणीला असायची आणि शाळा सुरू झाली की कोपऱ्यावर उभी राहून पोरांना रस्ता ओलांडून द्यायची. दोन्हीकडे गळ्यात तीच पितळी शिट्टी. ती वाजली की मालट्रक थांबायचे आणि भांडणारे नवराबायकोही गप्प व्हायचे.

आणि तिची ती खुर्ची. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची, हलकी, घडीची. उन्हाळ्यात तलावाच्या काठी ती त्या खुर्चीत बसायची. हिवाळ्यात खुर्चीला दुसरं काम असायचं. आमच्याकडे बर्फ पडला की घरासमोरची गाडीची जागा ज्याने फावड्याने उकरली, ती त्याची. गाडी घेऊन बाहेर पडताना त्या जागेत खुर्ची ठेवून जायची, बस्स. हा कायदा कुठे लिहिलेला नाही. पण लिहिलेले सगळे कायदे मोडणारे लोकसुद्धा हा एक पाळतात.

एकाने मोडला होता. समोरच्या घरातला कॅझिमिर, म्हणजे कॅझ विल्गोश. पोलाद कारखान्यात भट्टीवर काम केलेला गडी, मान जाड, बोलणं तुटक. एका फेब्रुवारीत मिस व्हर्डेलने सकाळभर घाम गाळून जागा उकरली, खुर्ची ठेवली आणि ती शाळेच्या कोपऱ्यावर गेली. परत येऊन बघते तर खुर्ची फुटपाथवर उलटी पडलेली आणि जागेत कॅझची निळी गाडी उभी.

त्यानंतर एकोणीस वर्षं ती त्याच्याशी बोलली नाही. म्हणजे त्याच्याकडे बघून बोलली नाही. अंगणात उभी राहून हवेला सांगायची, "काही लोकांना ठेवलेली खुर्ची दिसत नाही. डोळे तपासून घ्या म्हणावं." आणि कॅझ आपल्या कुत्र्याला सांगायचा, "काही लोकांना वाटतं, रस्ता त्यांच्या बापाने बांधलाय."

असे हे दोघे. आता निवडणूक.

डग्लस हार्टविग तीन वेळा निवडून आलेला महापौर. तलावाला तडे गेले तेव्हा त्याने कुलूप लावलं. दोन उन्हाळे कुलूप तसंच. मग जाहीर केलं की येत्या वसंतात तलाव मातीने बुजवायचा आणि वर गाड्यांचा तळ करायचा. कुणाच्या गाड्या? टेकडीवर निम्म्या घरांत गाडीच नाही! त्याच्याविरुद्ध उभी राहिली इनेझ ब्रॅकेट, शाळेत नर्स होती ती. ती म्हणाली, तलाव दुरुस्त करून पुन्हा भरीन.

मिस व्हर्डेलला बाकीच्या राजकारणाशी देणंघेणं नव्हतं. तिला एकच धास्ती. तलाव गेला की ही पोरं उकाड्यात नदीवर जाणार. जुन्या कारखान्यामागे नदी वरून शांत दिसते आणि खालून ओढते. सभेत महापौराने तिला समजावलं, "मॅडम, नदीकाठी आम्ही मोठे फलक लावू." ती उभी राहून म्हणाली, "फलक लाव बाबा, हवे तेवढे लाव. पण नदीला माझी शिट्टी ऐकू येत नाही."

कॅझने अंगणात महापौराची पाटी लावली, तीही एवढी थोरली की त्याच्या बायकोला खिडकीतून रस्ता दिसेना. त्यालाही कारण होतं. कारखाना बुडाला तेव्हा कामगारांच्या पेन्शनीसाठी हार्टविग खरोखर भांडला होता. मला तो माणूस डोळ्यांसमोर नको असतो, तरी खरं ते खरं.

मतदानाचा दिवस उजाडला. आमचं केंद्र सेंट हेडविग चर्चच्या तळघरात. दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं. पाचच्या सुमाराला, कामावरून सुटलेले लोक नेमके येऊ लागले तेव्हा, मतपत्रिका वाचणारं यंत्र अडकलं. दुसरं यंत्र येणार, येणार म्हणत राहिले. रांग चर्चच्या पायऱ्यांवरून बाहेर आली, कोपऱ्याला वळली आणि टेकडी चढू लागली. केंद्र बंद व्हायची वेळ आठ. आठला जो रांगेत असेल त्याला मत देता येतं, मग कितीही वाजोत. पण रांगेत असायला हवा ना! सहा वाजता लोक गळायला लागले.

मिस व्हर्डेल गुडघ्यामुळे खुर्ची घेऊनच आली होती. तिच्या नेमका मागे कोण येऊन उभा राहावा? कॅझ. तिने मान फिरवली. त्याने आभाळ बघितलं.

वरच्या अंगाला चार बाया रांग सोडून निघाल्याचं तिला दिसलं. ती उठली, आपली टोपी खुर्चीवर ठेवली आणि शिट्टी फुंकली. शप्पथ सांगतो, अख्खी गल्ली जागच्या जागी थिजली.

"कुठे निघालात? मी सांगेपर्यंत कुणी पाण्याबाहेर यायचं नाही!"

"मिस व्हर्डेल, पायाला मुंग्या आल्यात हो," एक बाई म्हणाली.

"मग पाय हलव! तुला हलवायला मी शिकवलंय ना? अरे, कुणी गाडीत गाणं लावा रे!"

कुणीतरी गाडीची दारं सताड उघडून गाणं लावलं. आणि सुरू झाला तो नाच, जो आमच्याकडे लग्नात होतो, वाढदिवसाला होतो आणि मयताच्या जेवणानंतरसुद्धा होतो. चार पावलं उजवीकडे, चार डावीकडे, मागे, जरा झुकायचं, वळायचं, की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येकजण आपल्या जागेवर परत येतो, पुढचा पुढे आणि मागचा मागे. चर्चच्या पोलिश म्हाताऱ्या आधी नाकं मुरडत होत्या. मग त्यांनी आपल्या पोल्का नाचाच्या उड्या त्यात घुसवल्या. वाफाळती तोंडं, लाल नाकं, जाड कोट, आणि रस्ताभर माणसं एका ठेक्यात वळतायत. मिस व्हर्डेल रांगेच्या कडेने वर-खाली फिरतेय, गुडघा दुखतोय त्याचं भान नाही. "ए उंचाड्या, तुझं उजवं कुठलं? हातावर लिहून देऊ का?" कोणाचं नाव नाही, कोणाची पाटी नाही. केंद्राजवळ प्रचार करायचा नाही, हे तिने सगळ्यांना दरडावून ठेवलं होतं. माझ्याही छातीवरचा बिल्ला तिने ओरबाडून माझ्या खिशात कोंबला.

गेलेले परत आले. कसली मजा चाललीय बघायला आणखी काहीजण आले, तेही रांगेला लागले.

आठ वाजले. केंद्रप्रमुख बाई कंदील घेऊन वर चढत गेल्या आणि शेवटच्या माणसाच्या मागे उभ्या राहिल्या. "यापुढे कुणी नाही." मिस व्हर्डेल त्या वेळी त्यांच्याच शेजारी उभी होती. रांगेबाहेर.

महापौराचा पोलिंग एजंट होता, लोकरीच्या भारी कोटातला एक तरुण वकील. तो लगबगीने आला. "या बाई रांगेत नाहीत. मी केव्हाचा पाहतोय, नुसत्या हिंडतायत. त्यांना मत देता येणार नाही."

"अरे, माझी खुर्ची आहे ना रांगेत!"

"खुर्चीला मत नसतं, बाई."

गाणं बंद पडलं. मी मिस व्हर्डेलचा चेहरा पाहिला आणि माझं डोकं सटकलं. वयात आल्यापासून तिने एकही मत चुकवलेलं नाही, आणि आज तलावाचं मत! मी बाह्या सरसावल्या. तोंडात काय आलं होतं ते इथे छापण्यासारखं नाही. पण वकिलाचं बोलणं रांगेतून तोंडोतोंडी खाली पोचलं होतं, आणि माझ्याआधी, पार चर्चच्या पायऱ्यांजवळून, भट्टीवरच्या माणसाचा आवाज आला.

"ए कोटवाल्या! खाली ये."

मधे दुसरं यंत्र आलं होतं आणि मिस व्हर्डेलची जागा एव्हाना पायऱ्यांपर्यंत सरकली होती. तिथे कॅझ उभा होता आणि त्याच्या पुढे, बरोब्बर एका माणसाची जागा धरून, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांची खुर्ची. तिच्यावर टोपी.

"ही खुर्ची इथवर चालत आली असं वाटतं तुला?" कॅझ म्हणाला. "मी सरकवतोय. रांग एक पाऊल पुढे गेली की ही एक पाऊल पुढे. त्यांची जागा आहे ती."

वकील हळू आवाजात म्हणाला, "विल्गोशसाहेब, तुम्ही आपल्या बाजूचे ना?"

"मी माझ्या बाजूचा. मत महापौरालाच देणार, तू काळजी करू नकोस. पण या बाई माझ्या पुढे आहेत. त्या आत गेल्याशिवाय मी जाणार नाही. आणि मी दारात उभा राहिलो तर मागचं कोण आत जातं ते बघतोच."

कॅझ दारात उभा राहिला तर खरंच कुणी आत जाऊ शकत नाही, एवढा रुंद आहे तो. केंद्रप्रमुख बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, पुढच्या माणसाला विचारलं, त्याच्या पुढच्याला विचारलं. सगळे म्हणाले, हो, त्या संध्याकाळपासून इथेच आहेत. बाई म्हणाल्या, "बसा मॅकनीलीबाई, आपल्या जागेवर."

मिस व्हर्डेल बसली. मग मागे वळून, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, त्याच्या तोंडाकडे बघून बोलली. "एवढी अक्कल त्या बर्फात कुठे गेली होती रे?"

"तेव्हा माझी पाठ दुखत होती."

"आणि आज?"

"आजही दुखतेय. म्हणून तर पायाने सरकवत होतो."

पायऱ्यांवर जो हशा उसळला, तो वर टेकडीच्या टोकापर्यंत ऐकू गेला म्हणे.

इनेझ ब्रॅकेट त्रेसष्ट मतांनी पुढे आली. हार्टविगने फेरमोजणी मागितली आणि वर कोर्टात गेला. आमच्या केंद्रावर आठनंतर पडलेली सगळी मतं रद्द करा, का तर तिथे रांग नव्हतीच, नाचगाणं चाललं होतं! तीच मतं काढली की तो जिंकत होता. आणि साक्षीदार म्हणून त्याच्या वकिलांनी बोलावलं कुणाला? आपला भरवशाचा माणूस, विल्गोश.

मी कोर्टात मागच्या बाकावर बसलो होतो, मुठी आवळून. मिस व्हर्डेल शेजारी, मांडीवर पर्स.

"श्री. विल्गोश," वकिलाने विचारलं, "लोक रांग सोडून नाचत होते, हे खरं ना?"

"रांग नाचत होती. सोडली कुणी नाही."

"पण माणसं तर हलत होती."

"हलत होती आणि परत आपल्या जागी येत होती. माझ्या लग्नातही हेच झालं. बायको आजपर्यंत जागेवर आहे."

न्यायाधीशबाईंनी ओठ दाबले. त्यांनी स्वतः विचारलं, "आणि ती खुर्ची? ती पूर्ण वेळ रांगेत होती, याची तुम्हाला खात्री आहे?"

कॅझने घसा खाकरला. "बाईसाहेब, मी त्यांची खुर्ची आयुष्यात एकदाच हलवली होती. त्याचे मी एकोणीस वर्षं टोमणे खाल्लेत. त्या खुर्चीकडे कुणी नीट लक्ष ठेवलं असेल तर ते मीच."

हसू आवरेना म्हणून न्यायाधीशबाई पाणी प्यायल्या. मग त्यांनी अर्ज फेटाळला. फेरमोजणीत त्रेसष्टची एकोणसाठ झाली. एकोणसाठ पुरे आहेत.

त्या हिवाळ्यातल्या पहिल्या बर्फात कॅझने मिस व्हर्डेलची जागा उकरून दिली आणि मधोमध तिची खुर्ची मांडली. ती खिडकी उघडून ओरडली, "वाकडी ठेवलीस!" त्याने सरळ केली. पायाने.

तलाव जूनच्या शेवटी भरला. पहिल्या दिवशी इतकी पोरं उड्या मारत होती की पाणी दिसेना. नवी महापौर आली, भाषणाचा कागद भिजवून बसली. आणि उथळ पाण्यात, कठड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून, कॅझ उभा. सत्तरी ओलांडली तरी गड्याला पोहता येत नव्हतं, आणि टेकडीवर हे कुणालाच ठाऊक नव्हतं. काठावर हिरव्या-पांढऱ्या खुर्चीत मिस व्हर्डेल.

"हात सोड, कॅझिमिर."

"पुढच्या वेळी मी पुन्हा हार्टविगलाच मत देणार आहे, सांगून ठेवतो."

"दे. आधी हात सोड." आणि तिने शिट्टी फुंकली. त्याने सोडला. थोडा बुडाला, वर आला, खोकला, आणि पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

आता तुम्हाला सांगतो. पुढची निवडणूक तुमच्या गावात केव्हा आहे ते शोधा आणि रांगेत उभे राहा. आठ वाजेपर्यंत, पाय गारठले तरी. आणि तुमच्या पुढची खुर्ची रिकामी दिसली, तिचा माणूस तुमच्या पक्षाचा नसला, तुमचं त्याच्याशी बोलणं बंद असलं, तरी रांग हलली की ती खुर्ची एक पाऊल पुढे सरकवा. पायाने सरकवलीत तरी चालेल.