नदीच्या अलीकडचा अर्धा नकाशा

नकाशाला हात लावण्याआधी काका हात धुवायचे, पुसायचे, आणि तरीही दोन मिनिटं ते वाऱ्यावर धरून उभे राहायचे. पेन कधीच नाही. पेन्सिल, तीही कानावर. शिंक येतेयसं वाटलं की दालनाबाहेर पळायचे. नकाशा उलगडला की आधी काठ वाचायचे: कितवी आवृत्ती, कुठलं साल, कुणी मोजलं, कुणी छापलं. मधले डोंगर-नद्या नंतर. डबा खायचे तो खिडकीत, नकाशांकडे पाठ करून. निघताना प्रत्येक खण ढकलून बघायचे. दारापर्यंत जायचे आणि परत येऊन पुन्हा ढकलायचे.

काका, सगळेच त्यांना तसं म्हणायचे, ग्रंथालयाच्या नकाशा दालनात अठ्ठावीस वर्षं होते. मी पाच महिने आहे, यादी करण्याच्या हंगामी कामावर. साहित्यात पदवी घेतलीय हे कळल्यावर त्यांनी माझं नाव कादंबरी ठेवलं.

"कादंबरी, तो खण उघड. हळू! नायिका घर सोडून निघालीय का?"

सोमवारी ते होते. मंगळवारी नव्हते. बूट घालायला वाकले ते उठलेच नाहीत, असं काकूंनी फोनवर सांगितलं. मी "बरं" म्हणाले.

युद्धाच्या काळात सैन्यासाठी काढलेले नकाशे आमच्याकडे आहेत. लोक त्यांच्या प्रती मागायला येतात. कुणी भूगोलाचे विद्यार्थी, कुणी पडलेल्या पुलाचा पाया शोधणारे इंजिनिअर. आणि काही, ज्यांच्या घरातलं माणूस परत आलं नाही असे. "त्यांना आधी खुर्ची द्यायची," काका म्हणायचे, "अर्ज मग."

अकरा वर्षांपूर्वी एक बाई अशाच आल्या होत्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यांचा मोठा भाऊ युद्धात गेला तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. भावाच्या वरिष्ठाचं पत्र त्यांच्याजवळ होतं. त्यात सहा आकडे होते. नकाशावर चौकटींचं जाळं असतं. सहा आकड्यांनी त्यातली नेमकी जागा सापडते. त्या जागी भावाला पुरलं होतं.

बाईंनी आकडे वाचून दाखवले. काकांनी नकाशा काढला. झेरॉक्सची काच अपुरी पडत होती, ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली होती, बाईंना गाडी गाठायची होती. काकांनी काठ सोडून प्रत काढली. आयुष्यात एकदाच.

तेव्हापासून बाई दरवर्षी त्या जागी जातात. तिथे त्यांनी लावलेलं तुतीचं झाड आहे. परत आल्या की काकांना पोस्टकार्ड टाकतात. "झाडाची यंदा सावली पडायला लागली." "यंदा दादाशी बराच वेळ बोलले." अकरा कार्डं काकांच्या टेबलामागे भिंतीवर ओळीने लावलेली आहेत.

दोन महिन्यांपूर्वी पुराच्या नकाशांच्या खणात मला एक भलताच कागद सापडला. चुकून तिथे गेलेला. मी काकांना दाखवला. त्यांनी सवयीने काठ वाचला आणि खाली बसले.

त्याच मुलखाचा नकाशा. दुसरी आवृत्ती. पहिला, बाईंना दिलेला, घाईत विमानातल्या फोटोंवरून काढलेला, हा प्रत्यक्ष मोजून सुधारलेला. यात चौकटींचं जाळं सरकलं होतं. तेच सहा आकडे आता किलोमीटरभर दूर पडत होते, नदीच्या पलीकडे.

काकांनी बाईंचा जुना अर्ज शोधून काढला. सोबत त्या पत्राची प्रत जोडलेली होती. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही, या नियमापायी काकांनी ती कधी उघडली नव्हती. आता वाचली. आकड्यांच्या आधी स्पष्ट लिहिलं होतं: दुसऱ्या आवृत्तीच्या नकाशाप्रमाणे.

"काठ दिला असता," काका म्हणाले, "तर त्यांनाच दिसलं असतं. पोस्टातली बाई, पत्ता तपासल्याशिवाय राहिली नसती."

"सांगू नका ना काका. अकरा वर्षं त्या तिथे बोलल्यात. झाकली मूठ राहू द्या."

"झाकलेली मूठ माझी आहे, कादंबरी. त्यांची नाही."

"आणि त्यांना धक्का बसला तर?"

"बसेल. मग शिव्या घालतील. घालू देत." पेन्सिलीने नदी दाखवत म्हणाले, "ती बाई अलीकडे बसते आणि तिचा भाऊ पलीकडे पडलाय. तुझ्या पुस्तकांत चालत असेल हे."

पुस्तकांत खरंच चालतं.

दुसऱ्या आवृत्तीचा कागद घड्यांवर फाटत चाललेला. यंत्रात घालणं शक्य नव्हतं. काकांनी वरिष्ठांची परवानगी काढली आणि ट्रेसिंग पेपरवर हाताने नक्कल सुरू केली. रोज जेवणानंतर एक तास. डोळे पाणावायचे, तेवढ्यापुरते थांबायचे. दरवर्षी तिकडे जाताना बाई ग्रंथालयात डोकावतात; त्या यायच्या आत नक्कल पुरी करून समोर बसून सांगायचं, असं ठरलं होतं.

"चिठ्ठी का नाही लिहीत?"

"चूक तोंडाने केली नव्हती, पण कबूल तोंडानेच करायची असते."

काल बाईंचा फोन आला. मीच घेतला. "काकांना सांग, गुरुवारी येतेय. यंदा तिथे लावायला तुतीचं आणखी एक रोप घेतलंय, त्यांना दाखवून मग पुढे जाईन."

मी म्हणाले, "या. मी आहे. मला तुमच्याशी बोलायचंय." काका गेले, हे फोनवर सांगता आलं नाही. तेही समोर बसूनच सांगेन.

मग त्यांचं टेबल उघडलं. नक्कल पुठ्ठ्यावर चिमट्यांनी लावलेली होती. काठ त्यांनी सगळ्यात आधी केला होता, चारही बाजूंनी. छापल्यासारखी अक्षरं: दुसरी आवृत्ती, साल, मोजणाऱ्या तुकडीचा क्रमांक. आत अलीकडची शेतं, रस्ता, गिरणी, उंचीच्या रेघा एकीला एक न चिकटता. नदीचा अलीकडचा किनारा वळणापर्यंत पुरा.

पलीकडचा किनारा अजून काढलेला नाही. मी पेन्सिलीला टोक करून ठेवलंय.