तोंडवलीचे उगी घर

महिना होऊन गेला. मी मालवणच्या शाळेत भूगोलाचा तास घेत होते, आणि वर्गाच्या दाराशी काका येऊन उभे राहिले. काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. ते मसुऱ्याहून शाळेपर्यंत कधीच आले नव्हते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती, आणि मी बाहेर येईपर्यंत ते फळ्यावरच्या नकाशाकडे पाहत होते. मग हळूच म्हणाले, "बाई गेली गो." कोणती बाई, हे मला विचारावे लागले नाही. आमच्या आणि काकांच्या घरात नावाशिवाय नुसते 'बाई' म्हटले जाई ते एकट्या मनोरमाबाईंना.

बाई मूळच्या नागपूरकडच्या. परिचारिकेचे शिक्षण घेऊन त्या लढाईच्या काळात बंगालच्या दुष्काळात कामाला गेल्या. तिथे त्यांची गाठ क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या काही मंडळींशी पडली, आणि त्यांची उपासनेची रीत बाईंनी आपली केली. स्वातंत्र्यानंतर आठदहा वर्षांनी त्या आमच्या किनाऱ्यावर आल्या. तोंडवलीला आमच्या सामायिक माडांच्या बागेत सुक्या खोबऱ्याची एक वखार रिकामी पडली होती. ती त्यांनी भाड्याने घेतली. सुरूच्या बनाआड लपलेल्या त्या लांबट, कौलारू खोलीत मुंबई-पुण्याकडून थकलेली माणसे येत, तीनतीन दिवस राहत, आणि पुष्कळसा वेळ काहीच करीत नसत. दुपारी मुलांना गोष्टी, बायकांना बाळंतपणाची आणि मलमपट्टीची माहिती, थंडीत शिक्षकांसाठी एक लहानसे शिबिर... पण या सगळ्याच्या मुळाशी असे रविवार सकाळची बैठक. मूर्ती नाही, क्रूस नाही, प्रवचन नाही. खुर्च्यांचे एक कडे मांडायचे आणि तासभर शांत बसायचे. आतून शब्द आलाच तर उठून बोलावे, न आल्यास न बोलता घरी जावे. भिंतींतून खोबऱ्याचा जुना, गोडसर वास येत राही. डोळे मिटले की आपण जमिनीवर आहोत की एखाद्या नांगरलेल्या गलबतात, हे कळेनासे होई.

गावाला हे समजायला वेळ लागला. पहिल्याच रविवारी शेजारच्या जानकीने खिडकीतून आत पाहिले. माणसे माना खाली घालून बसलेली, चूल थंड, कोणी कोणाशी बोलत नाही... तिने धावत घरी जाऊन पेजेचे भांडे आणि लोणचे आणले, आणि पदर तोंडाशी धरून विचारले, "कोण गेला?" बाई म्हणाल्या, "अजून कोणी नाही. या, बसा." त्या दिवशी सर्वांनी पेज खाल्ली. जानकी पुढे दर रविवारी येऊ लागली, आणि घराला नाव पडले 'उगी घर'. आमच्याकडे उगी राहणे म्हणजे गप्प राहणे.

उगी राहण्याचे हे शास्त्र आमच्या घराला मात्र नवे नव्हते. आजोबांच्या पश्चात विहिरीच्या रहाटावरून बाबा आणि काका यांच्यात काहीतरी बोलणे झाले, आणि तेव्हापासून दोघांनी एकमेकांशी बोलणे सोडले. एका अंगणात उभे राहून बाबा मला म्हणत, "काकाक सांग, माड चढणारो उद्या येतलो." मी तोंड उघडण्याआधीच काका म्हणत, "बापाशीक सांग, माका आयकाक इला." मी शिकले, शिक्षिका झाले, तरी ही टपालाची नोकरी काही सुटली नाही.

अशात बाईंच्या भाडेपट्ट्याची मुदत संपत आली. नव्या पट्ट्याला दोन्ही भावांची संमती लागणार होती. मी बाबांना विचारले. ते हो म्हणाले. काकांना विचारले, तेही हो म्हणाले. मोठ्या आनंदाने मी तोंडवली गाठली. बाई खिडकीशी बसून उशांचे अभ्रे शिवत होत्या. माझे ऐकून त्यांनी सुई थांबवली आणि म्हणाल्या, "तुझ्याकडे दोन होकार आहेत गं. माझ्याकडे अजून एकही नाही." त्यांच्या पंथात हात वर करून मते मोजीत नाहीत, सर्वांनी एका खोलीत बसून एका विचाराला यायचे, आणि तोवर थांबायचे. ज्या जमिनीचे धनी एकमेकांकडे पाठ करून गप्प आहेत, तिथे लोकांना शांत बसायला बोलावणे त्यांना खोटे वाटत होते. दोघांनी एकत्र येऊन हो म्हटले तर त्या राहणार होत्या, नाहीतर जाणार होत्या. जायला त्यांना दुसरे ठिकाण नव्हते, हे मला ठाऊक होते. तरीही त्यांनी थंडीतल्या शिबिराला येणाऱ्यांना नकार कळवला, आणि पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा चटया गुंडाळून बांधलेल्या होत्या.

बाबांना निरोप दिला तेव्हा ते हसले. "आमी दोघा इतकी वर्सां उगीच आसंव. ती आमका काय शिकयतली?" पण रविवारी ते आले. काकाही आले, बनातल्या दुसऱ्या वाटेने. दोघांच्याही मनात आले असावे की, वेळ पडली तर चटकन निघता यावे. म्हणून एकाने दाराच्या उजव्या हाताची खुर्ची धरली आणि दुसऱ्याने डाव्या हाताची. खुर्च्यांचे कडे असते, त्याची दोन टोके दारापाशीच भेटतात, हे बसल्यानंतरच दोघांच्या ध्यानात आले. दोघांमध्ये उरली ती केवळ दाराची रुंदी, आणि तिच्यातून आत येणारे ऊन.

तो तास मला अजूनही नीट सांगता येत नाही. कोणी उठून बोलले नाही. उन्हाचा पट्टा बाबांच्या पायांवरून सरकत काकांच्या काठीपर्यंत गेला. तास संपला, तेव्हा दारासमोर बसलेल्या बाईंनी आपल्या दोन्ही शेजाऱ्यांचे हात हातात घेतले. त्यांची बैठक अशीच संपते. हात हातांतून पुढे जातो. एका बाजूने तो जानकीमार्फत काकांपर्यंत पोहोचला, दुसऱ्या बाजूने माझ्यापर्यंत. मी बाबांचा हात धरला. मोठेपणी तो मी प्रथमच धरला होता; तो इतका हलका असेल, असे वाटले नव्हते. पुढे दार होते. कोणी हलले नाही... मग बाबा उठले आणि बाहेर निघाले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि ते कोणाला सांगत नसत. उंबऱ्याबाहेर त्यांचा पाय हवेत चाचपडू लागला.

"दादा, सांभाळ," काका म्हणाले. "थंय पायरी फुटली हा. हात धर."

"माका दिसता," बाबा म्हणाले, आणि त्यांनी हात धरला.

दोघे माडांत गेले. बाई जागच्या उठल्या नाहीत, त्यांनी कोणाला काही विचारले नाही. पुष्कळ वेळाने काकांनी बागेतून बाईंना हाक मारली, "बाये, दादा म्हणता, मिरगाआदी नळे परतूक व्हये." पावसाआधी कौले परतायची म्हणजे घर राहणार होते. बाईंनी जाऊन चटया सोडल्या. पुढे बाबांना लाभलेली थोडी वर्षे दोघा भावांनी बहुतेक भांडण्यात घालवली, पण स्वतःच्या तोंडाने. मला कोणी निरोप दिला नाही.

गेल्या रविवारी मी आणि काका तोंडवलीला गेलो. जानकीने केर काढून ठेवला होता. आम्ही तिघे बसलो. बराच वेळ गेला. बाहेर भरती असावी. लाटेमागून लाट अगदी भिंतीशी येऊन फुटल्यासारखी वाटत होती.

"बाई आसताना दर्याचो येवढो आवाज येय नाय होतो," काका म्हणाले.

मी खिडकी लावायला उठले.

"रवांदे," ते म्हणाले.