तिशीचं मलम

‘‘चेहऱ्याले इस्त्री करता आली असती तं बरं झालं असतं बाप्पा,’’ काकू आत म्हणाली आणि स्वतःच हसली.

काका जेवत होते, ती वाढत होती. मागच्या ओसरीवर आत्या आणि मी वाळलेल्या लुगड्यांच्या घड्या घालत होतो. मधे दार होतं, पण ते उघडं होतं. आत्याने हातातली घडी उलगडली आणि पुन्हा पहिल्यापासून घातली. मी ऐकलं नाही असं दाखवलं. नागपूरच्या मिशनच्या इंग्रजी शाळेच्या वसतिगृहात राहून मी मॅट्रिक झाले होते. तिथे काय शिकलीस असं कोणी विचारलं असतं तर खरं उत्तर हेच होतं, की ऐकून न ऐकल्यासारखं करणं. माझे आईवडील हिवरखेडला शेतीवर होते आणि मी काकांकडे अमरावतीला, पुढे माझं काय करायचं ते ठरेपर्यंत.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची आणि काकांची धाकटी बहीण. विसाव्या वर्षी नवरा गेला, ती भावाकडे आली आणि राहिली. आमच्यात पाट लागतो. बाईने दुसऱ्यांदा घर मांडलं तर कोणी तोंडात बोट घालत नाही. पण सोळा वर्षं तिला कोणी विचारलंच नव्हतं, आणि आता अकोल्याचे एक बिजवर विचारत होते. जिनिंग प्रेसमध्ये कारकून, मूलबाळ नाही, दोन खोल्यांचं स्वतःचं घर. निर्णय त्यांच्या थोरल्या बहिणीच्या हाती होता. तिला काकांनी पत्रात लिहिलं होतं की मुलगी तिशीतली आहे. हे खोटं नव्हतं. तिशीच्या कोणत्या टोकाला आहे, एवढंच लिहायचं राहिलं होतं.

ती दोघं पुढच्या रविवारी येणार होती. बिजवरांचं वय सत्तेचाळीस होतं, पण त्यांच्या चेहऱ्याला इस्त्री हवी असं कोणी म्हणत नव्हतं.

संध्याकाळी आत्या माझ्या ट्रंकेपाशी येऊन बसली. ‘‘मडमबाई,’’ ती म्हणाली. मला ती तेच म्हणायची. ‘‘तुया त्या विलायती पुस्तकात तोंडाले लावाचं काही असते काय वं?’’

मी मान हलवली. होतं.

‘‘मले नवरा पायजे असं नाही,’’ ती घाईने म्हणाली. ‘‘तो असला तं असला. मले चूल पायजे. भाजीत तिखट किती टाकाचं ते मी ठरवीन, अशी एक चूल. हसू नको.’’

मी हसत नव्हते. मी ट्रंकेतलं, शाळेतून आणलेलं इंग्रजी मासिक काढलं. चाळिशीनंतरही गाल विशीचे राखणाऱ्या घरगुती क्रीमची कृती त्यात होती. मधाच्या पोळ्याचं मेण, बदामाचं तेल, गुलाबपाणी, आणि शेवटी दोन सुगंधी तेलं, संत्र्याच्या सालीचं आणि जिरेनियमचं. सोबत गोऱ्या बाईचं चित्र होतं. आत्याने ते दिव्याजवळ नेऊन पाहिलं. ‘‘हिले काय गरज हाये?’’ ती म्हणाली.

मेणाची पंचाईत होती. घरात मेण एकाच कामाला लागायचं, कुंकवाखाली लावायला. ते आत्याने कोणत्या तोंडाने मागावं? म्हणून मी मागितलं. काकूने माझ्या कोऱ्या कपाळाकडे पाहिलं, एकदम गोड हसली आणि सुपारीएवढा गोळा हातावर ठेवला. ‘‘बरं झालं माय, तुले सुचलं. आता तुयाच नंबर हाये.’’  माझ्या गप्प बसण्याचे लोक नेहमीच आपल्याला हवे तसे अर्थ काढत.

बदामाचं तेल मिळण्यासारखं नव्हतं, म्हणून तिळाचं घेतलं. तेल ते तेल, असं आत्या म्हणाली आणि मला ते शास्त्रशुद्ध वाटलं. जिरेनियमसाठी मी राजापेठेतल्या औषधाच्या दुकानात गेले. तोंडाने मागायचं धैर्य नव्हतं, म्हणून कागदावर इंग्रजीत लिहून नेलं. दुकानदाराने कागद वाचला, मग मला वाचलं. ‘‘विलायती नाही,’’ तो म्हणाला, ‘‘इंडियन जिरेनियम आहे. चालेल?’’ मी मान हलवली. त्याने पाठीमागच्या मोठ्या बुधल्यातून छोट्या शिशीत ओतून दिलं. एवढ्या दुर्मिळ वस्तूचा एवढा मोठा बुधला त्याच्याकडे कसा, हे मी विचारायला हवं होतं. पण विचारायचं म्हणजे बोलावं लागलं असतं.

संत्र्यांना तोटा नव्हता. वरूडच्या बागांचा माल बाजारात उतरत होता. साल दुमडून वाटीच्या कडेला दाबली की बारीक फवारा उडायचा, थोडा वाटीत, बाकी आमच्या डोळ्यांत. दोन डझन संत्र्यांनंतर वाटीच्या बुडाशी जेमतेम चमचाभर पिवळं तेल जमलं. सोललेली संत्री मात्र आम्हालाच संपवावी लागली. तिसऱ्या दिवशी आत्याचा घसा बसला.

‘‘काहून वं, पोटुशी असल्यावानी संत्रे खाऊन राहिल्या दोघीजनी?’’ काकूने विचारलं.

‘‘रक्त साफ होते,’’ आत्या बसक्या आवाजात म्हणाली.

शनिवारी दुपारी काकू शेजारी हळदीकुंकवाला गेली आणि आम्ही चूल ताब्यात घेतली. गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून मेण आणि तेल विरघळवलं. मी मासिक हातात धरून वाचत होते, आत्या ढवळत होती. गुलाबपाणी एकदम ओतलं तेव्हा सगळं फाटलं, नासलेल्या दुधासारखं. ‘‘तुयी मडम कढी करते वाटते,’’ आत्या म्हणाली. मग तिने कढीचाच उपाय केला. वाटी खाली उतरवली, थेंब थेंब पाणी घालत एकाच दिशेने घोटत राहिली आणि मलम पांढरं, मऊ झालं. त्या पानावर हे लिहिलेलं नव्हतं. शेवटी शिशीतलं तेल घातलं. आत्याने हुंगलं.

‘‘गुलाब हाये,’’ ती म्हणाली. ‘‘आनखी कायतरी हाये. ओळखीचं वाटते.’’ मग मी संत्र्याचं सगळं तेल ओतलं आणि दुसरं काही हुंगायला उरलंच नाही.

रविवारी सकाळी दहाला तिने मलम लावलं. सुरकुत्या कुठेही गेल्या नाहीत. पण सात दिवस कोणीतरी आपल्या चेहऱ्याकडे लक्ष दिलं, याचा चेहऱ्यावर काहीतरी परिणाम होत असावा. ती छान दिसत होती. तिच्याभोवती एक अख्खी बाग बहरल्यासारखा वास होता. पाहुणे अकराला येणार होते, म्हणून तिने उरलेलं हातांना, मानेलाही चोपडलं.

पाहुण्यांची बडनेऱ्याला गाडी चुकली. ते आले तेव्हा तीन वाजून गेले होते.

एव्हाना संत्र्याचा वास उडून गेला होता. हे मला कळलं नाही. मी सकाळपासून त्याच वासात बसले होते. बिजवर सतरंजीवर जपून बसले आणि पूर्ण वेळ आपल्या टोपीकडे पाहत राहिले. त्यांची बहीण मात्र सगळीकडे पाहत होती. तिने आत्याला जवळ बसवलं, स्वयंपाकाचं विचारलं, मग हनुवटीला हात लावून चेहरा उजेडाकडे वळवला. मी दाराशी पोह्यांची ताटली धरून उभी होते.

‘‘नाही,’’ ती बाई भावाला म्हणाली, ‘‘तिशीचीच वाटते.’’ काकांनी सुटकेचा श्वास सोडला. काकूने माझ्याकडे पाहिलं. ती खरोखर चकित झाली होती.

बाईने हात मागे घेतला. मग आपली बोटं नाकाशी नेली. पुन्हा एकदा नेली.

‘‘अवो, हे तं तिखाडीचं तेल हाये!’’ ती म्हणाली. ‘‘तिखाडी आन तीळ. आमची सासू दहा वर्षं लावे. गुडघे कोनाचे धरले इथं?’’

तिखाडी. आमच्या हिवरखेडमागच्या सातपुड्याच्या उतारावर हे गवत कंबरभर वाढतं. त्याचं तेल काढतात, तिळाच्या तेलात मिसळतात, आणि वऱ्हाडातल्या प्रत्येक घरात ज्यांचे गुडघे उरलेले नाहीत ते सकाळ-संध्याकाळ चोळतात. दुकानदाराचं ‘इंडियन जिरेनियम’ ते हेच; मला ते फक्त इंग्रजीतून ठाऊक होतं. विशीचे गाल राखायला निघालेल्या मी, आत्याला नखशिखांत म्हातारपणाचा वास लावला होता.

 काकूचा पदर तोंडापर्यंत गेला होता. काका पत्रातला ‘तिशीतली’ हा शब्द परत कसा घ्यावा या विचारात असावेत. बाई आत्याकडे पाहत होती, आता चेहऱ्याकडे नाही, लुगड्याखाली दुमडलेल्या पायांकडे. आत्याने दोन्ही तळहात मांडीवर पालथे घातले. तिचे कान लाल झाले होते. ती खोटं बोलणार नव्हती, ते तिला जमायचं नाही. आणि खरं बोलायचं तर सोळा वर्षांनी हाताशी आलेली चूल पणाला लावून, पाहुण्यांदेखत, आपण तरुण दिसण्यासाठी तोंडाला काय फासलं ते सांगावं लागलं असतं.

पाहुण्यांसमोर मी तोंड उघडल्याचं त्या घरात कोणाला आठवत नव्हतं. मला स्वतःलाही नाही. उपवर मुलीने आपल्या देहातली खोड चारचौघांत सांगायची नसते, हे मला काकूने चांगलं शिकवलं होतं. मी ताटली खाली ठेवली.

‘‘माझे,’’ मी म्हणाले. ‘‘नागपूरच्या शाळेत रोज गुडघे टेकून प्रार्थना करायला लावायचे. आत्या चोळून देते. दोन्ही दुखतात.’’